पाडव्यापर्यंत दहा माणसं

सरकारी कार्यालयात जुन्या फायली नष्ट करायची एक पद्धत असते. ठरावीक वर्षं झाली की यादी करायची, साहेबांची सही घ्यायची आणि गठ्ठे रद्दीत काढायचे. किश्श्यांना अशी मुदत नसते. मी चौतीस वर्षं लिपिक होतो, गावात अजूनही देशपांडेबाबूच. त्यातली अकरा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली, त्यामुळे साठत जाणाऱ्या वस्तूंची मला सवय आहे. पण चौतीस वर्षांत जमले नाहीत एवढे किस्से निवृत्तीनंतरच्या एकाच हिवाळ्यात जमले. तेही मलकापुरातल्या एका शाळेच्या मैदानावर, सकाळी सहा ते सात या वेळात, जेव्हा निवृत्त माणसानं पांघरुणात असावं अशी माझी समजूत होती.

कारण एकच. आमच्या गल्लीतला वैभव तायडे पर्सनल ट्रेनर झाला!

*

वैभवचे वडील गुलाबराव यांचं बियाणं आणि खतांचं दुकान आहे. माणूस सरळ, पण विश्वास फक्त रजिस्टरवर. गोदामात पोतं डोळ्यांसमोर दिसत असलं तरी रजिस्टरात नसेल, तर त्यांच्या लेखी ते पोतं नाहीच. एवढी कागदनिष्ठा मी आमच्या कार्यालयातही पाहिली नाही.

दिवाळीच्या फराळाला मी त्यांच्याकडे गेलो होतो. वैभव त्याच दिवशी पुण्याहून सहा महिन्यांचा कोर्स संपवून आला होता. त्यानं वडिलांच्या हातात सर्टिफिकेट ठेवलं. गुलाबरावांनी ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उजेडात धरलं.

"हे कायचं होय?"

"बाबा, मी आता लोकायले व्यायाम शिकवणार. पर्सनल ट्रेनर."

"म्हणजे उठाबशा?"

"त्याले स्क्वॉट म्हणतात."

"काही म्हण. आम्हाले गुरुजी फुकट द्यायचे!"

मी चकलीवर लक्ष केंद्रित केलं. गुलाबरावांनी सर्टिफिकेट परत केलं. मग त्यांनी निकाल दिला.

"मले दुकानात एक माणूस पाहिजेच आहे. पाडव्याले सालदाराचा करार होते. पाडव्यापर्यंत तुह्याजोळ दहा माणसं टिकली, त तू तुह्या रस्त्यानं जाय. नऊ असले, त तू माहा सालदार!"

आमच्या भागात शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. हा नियम पोटच्या पोराला लावणारे गुलाबराव पहिलेच असावेत.

"मोजाले तुम्ही मैदानावर येसान?" वैभवनं विचारलं.

"मी कायले येऊ मोजाले? रजिस्टर पाहीन."

*

वैभवचा पहिला ग्राहक मी. यात माझं काही कर्तृत्व नाही. आमच्या सौभाग्यवतीनं त्याला परस्पर सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे एक माणूस रिकामाच आहे, घेऊन जा."

एकट्यानं बुडण्यापेक्षा सोबत बरी म्हणून मी दोघांना ओढलं. एक वानखेडे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. दुसरे इंगळे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. पहिल्याच दिवशी वैभवनं आम्हाला छापील फॉर्म भरायला दिले. त्यात प्रश्न होता : 'तुमचं ध्येय काय?'

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सवयीनं 'निरंक' लिहिलं.

मग तोल पाहायची परीक्षा झाली. एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे. "तुमच्या वयात दहा सेकंद जमलं तरी खूप झालं," असं वैभव म्हणाला. मी चारमध्ये गुरुजींवर पडलो. गुरुजी माझ्यामुळे पडले, असं त्यांनी फॉर्मवर नोंदवून घेतलं.

वानखेडे मात्र उभेच. दहा सेकंद झाले, मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. वैभव मोबाइलमधलं घड्याळ आणि वानखेडे यांच्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला. शेवटी वानखेड्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "झालं काय बे, का तिकिटं बी फाडून दाखवू?"

"काका, कुठं शिकले तुम्ही हे?"

"जळगाव जामोदच्या गाडीत. वीस वर्षं तोच रस्ता होता, आन् रस्ता काही वीस वर्षं नव्हता!"

*

नव्या वर्षाच्या सुरुवातीला वैभवनं हजेरीसाठी मोबाइलमध्ये ॲप आणलं. बोट लावलं की हजेरी. आम्ही तिघांनी एकमुखानं विरोध केला. ज्या हजेरीवर शेरा मारता येत नाही, ती कसली हजेरी? आणि गुलाबराव ॲप थोडंच पाहणार होते!

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी लांबलचक मस्टर आणलं. स्वतः पट्टीनं रेघा मारल्या, नावं लिहिली आणि चौथ्या क्रमांकाची ओळ कोरी ठेवली.

"गुरुजी, ही कोरी कायले?" वैभवनं विचारलं.

"एक ओळ नेहमी कोरी ठेवावी," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "अडीअडचणीला."

आता जानेवारीचा पहिला सोमवार. वैभव माझ्या मागे उभा राहून पाहतोय याची मला कल्पना नव्हती.

"काका, आज सोमवार आहे. तुम्ही शनिवारपर्यंत सह्या करून राह्यले!"

"शनिवारी फार गर्दी होते," मी म्हणालो.

मैदानावर तेव्हा आम्ही तिघं आणि दोन बकऱ्या होत्या.

त्याच आठवड्यात गुरुजींनी रीतसर रजेचा अर्ज दिला. 'विषय : दोन दिवसांची किरकोळ रजा मिळणेबाबत. कारण : पाय दुखतात. पाय दुखण्याचे कारण : आपण.'

वैभव घाबरून माझ्याकडे आला. "काका, याचं काय करू? गुरुजी मले चौथीत होते."

"गुरुजी चौथीत नव्हते, तू होतास. लिही, 'रजा शिल्लक नाही, सबब नामंजूर.'"

त्यानं तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला गुरुजी लंगडत मैदानावर हजर. अर्ज सगळ्यांना दाखवत होते. चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिला नव्हता.

"नऊ वर्षं झाली रिटायर होऊन," ते म्हणाले. "माझी रजा आज पहिल्यांदा कुणीतरी नामंजूर केली!"

*

हळूहळू माणसं वाढली. पोलीस भरतीची तयारी करणारी चार पोरं आली. आमच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या शेजारीण काळेबाई, या दोघी मला घाम गाळताना पाहायला म्हणून आल्या आणि राहिल्या. एक नवरदेव आला, त्याची गोष्ट पुढे आहे. असे झाले दहा. वैभवच्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते त्याच्याच तत्त्वात बसत नव्हतं.

मग त्यानं आहाराचा तक्ता वाटला. पुण्यात मिळालेला असावा. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, संध्याकाळी ॲव्होकॅडो. सौभाग्यवती तो घेऊन थेट बाजारात गेल्या. नेहमीच्या भाजीवालीला त्यांनी मोबाइलमध्ये ब्रोकोलीचा फोटो दाखवला.

तिनं फोटो जवळून पाहिला. "बाप्पा! हिरवी पडलेली फुलकोबी? तशी निंघाली त मी ढोरायले टाकतो. उद्यापासून तुमच्या साहेबासाठी ठिऊन देत जाऊ काय?"

आमच्या घरात तक्त्याची अंमलबजावणी तिथेच थांबली. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही.

पण माघ महिन्यात काळेबाईंच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी. पंगतीत माझ्यासमोर कोण बसावं? वैभव! चौथा रोडगा कुस्करत होता.

सौभाग्यवती तूप वाढायला आल्या आणि थबकल्या. "काय रे, हे तुझ्या तक्त्यात आहे का?"

"काकू, आज चीट डे आहे. आठवड्यातून एक दिवस सगळं खायचं असते."

"अस्सं! आम्ही एक दिवस उपास करतो आणि सहा दिवस जेवतो," सौभाग्यवती म्हणाल्या. "तू नवस कुणाचा केलास रे बाबा?"

आणि त्याच्या रोडग्यावर आणखी तूप घातलं.

*

एका सकाळी मैदानावर वैभवचा फोन वाजला. दुकानासमोर युरियाचा ट्रक येऊन उभा होता. हमालांच्या गावी जत्रा असल्यानं एकही हमाल आला नव्हता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. वैभवनं क्षणभर विचार केला आणि भरतीच्या पोरांना म्हणाला, "आज जागा बदल. फंक्शनल ट्रेनिंग आहे."

आम्ही म्हातारे बघायला गेलो. असे कार्यक्रम फुकट असले तर मी सोडत नाही.

चारही पोरं कामाला लागली. वैभव बाजूला उभा राहून ओरडत होता. "पाठ सरळ! गुडघ्यातून बस! पोतं छातीशी! श्वास सोड!" तासाच्या आत ट्रक रिकामा. पोरं घामानं निथळली होती आणि चेहरे फुलले होते. त्यांनी वैभवच्या पायाला हात लावला. एकानं तर विचारलं, "सर, उद्या बी ट्रक आहे काय?"

गुलाबराव गल्ल्यावर बसून हे सगळं पाहत होते. पोरं गेल्यावर त्यांनी वैभवला बोलावलं.

"पोते यायनं उचलले."

"हाव."

"आन् फी बी हेच देतात? तुले?"

"हाव, बाबा."

गुलाबरावांनी रिकाम्या ट्रककडे पाहिलं, मग थप्पीकडे. म्हणाले, "म्हणजे मी तीस वर्षं उलटा धंदा करून राह्यलो बे!"

यानंतर पंधराएक दिवसांनी मी दुपारी त्या दुकानावरून जात होतो. गोदामातून हमालांवर ओरडण्याचा आवाज आला, "कंबर नाही, गुडघे वाकव! पाठ सरळ ठेव, किती वेळा सांगू!" वैभव त्या वेळी नागपूरला गेलेला होता. मी उन्हामुळे फार थांबलो नाही.

*

आता नवरदेव. नाव निलेश, एका पतसंस्थेत नोकरीला. उंद्रीच्या एका बागायतदाराच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं. तिथी वैशाखातली. शेरवानीचं बटण लागावं एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. पण वैभवला कुणीतरी एक माणूस बदलून दाखवायचाच होता. त्यानं निलेशवर अशी मेहनत घेतली की दोन महिन्यांत त्याच्या मानेला मान म्हणता येऊ लागलं.

फाल्गुनात सासरे भेटायला आले. सोबत नव्या गव्हाचं पोतं. दारात निलेश उभा. सासऱ्यांनी त्यालाच विचारलं, "निलेशराव घरी आहेत काय?"

ओळख पटल्यावर ते खाली बसले, पण चहाला हात लावेनात. शेवटी निलेशच्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "सोयरे, काही दुखणं असन त आताच सांगा. आम्ही समजून घिऊ."

वैभवला तातडीनं बोलावणं गेलं. हा आपल्या धंद्यातला मोठा प्रसंग आहे, असं समजून तो इस्त्रीचा टी-शर्ट घालून गेला. मोबाइलमध्ये निलेशचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी होते, ते त्यानं सासऱ्यांना दाखवले. सासऱ्यांनी आधीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हा! हाच पोरगा पसंत केला होता आम्ही!" आणि मग अजिजीनं, "सर, लग्नापर्यंत पुन्हा असा करून द्यान काय?"

"एवढ्या कमी दिवसांत..." वैभव चाचरला.

"ते माह्यावर सोडा," निलेशची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून निलेश मैदानावर यायचा बंद झाला. गुरुजींनी त्याच्या ओळीत लाल शाईनं शेरा मारला : 'लग्नकार्यास्तव कार्यमुक्त.' शेरा फार सुबक होता. तो मारून झाल्यावर आमच्या लक्षात आलं, की पाडव्याला आठ दिवस राहिले आहेत आणि माणसं नऊ आहेत.

*

ते आठ दिवस वैभवनं काय केलं नाही? स्टेशनवर पत्रकं वाटली. कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी उभा राहिला. ज्याचं पोट पुढे दिसेल त्याला अडवलं, आणि मार्च अखेरीत अडवलेली माणसं काय बोलतात ते ऐकून घेतलं. एकही मिळाला नाही. पाडव्याच्या आदल्या सकाळी त्यानं आम्हाला वॉर्मअप दिला, तेव्हा आकडे मोजताना तो नवावर आला की थांबायचा. पुढचा आकडा त्याच्या तोंडून निघेना.

"दुकान काही वाईट नाही काका," तो मला म्हणाला. "बसून तर राहाचं आहे."

ज्या पोरानं माझ्यासारख्या माणसाला पाच महिने बसू दिलं नाही, त्याच्या तोंडून हे ऐकवेना.

तो घरी गेल्यावर आम्ही तिघं शाळेच्या पायरीवर बसलो. मध्ये मस्टर. चौथ्या क्रमांकाची ओळ जानेवारीपासून कोरी होती.

"अडीअडचण हीच," वानखेडे म्हणाले.

"हे खोटं होईल," गुरुजी म्हणाले.

"खोटं नाही गुरुजी," मी म्हणालो. "प्रलंबित."

प्रश्न होता नाव कुणाचं लावायचं. गुलाबराव गावातल्या प्रत्येकाला ओळखतात. ज्याचं नाव लावू, त्याच्या घरी ते संध्याकाळी जाऊन विचारतील. वानखेड्यांनी आपला भाऊ सुचवला, गुरुजींनी एक माजी विद्यार्थी. सगळे पकडले जाणारे. तेव्हा मला माझी चौतीस वर्षं कामाला आली. तपासणी अधिकारी यायचा असला की आमचे जुने हेडक्लार्क फाइलमध्ये त्या अधिकाऱ्याचाच एखादा जुना शेरा शोधून वर लावायचे. माणूस सगळ्यांवर शंका घेतो, स्वतःच्या सहीपुढे थबकतो.

मी चौथ्या ओळीत नाव लिहिलं : गुलाबराव तायडे.

वानखेड्यांच्या हातातला शेंगदाणा खाली पडला. गुलाबरावांची सही माझ्याकडे खताच्या एका पावतीवर होती. तीन वेगवेगळी पेनं घेतली. सोमवारची सही घाईची केली, शनिवारची निवांत. थंडीच्या दिवसांतली जरा आखडलेली. इतकं मन लावून मी नोकरीत काम केलं असतं, तर मुख्य लिपिक होऊन निवृत्त झालो असतो. वैभवला यातलं काही सांगितलं नाही.

पाडव्याला घरोघर गुढ्या उभ्या राहिल्यावर गुलाबराव मैदानावर आले. अंगात पांढरा सदरा, खिशात चष्मा. वैभव हात बांधून उभा होता. आज आपण हरणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. गुलाबराव पायरीवर बसले. वानखेड्यांनी त्यांना कडुनिंबाची चटणी दिली, ती त्यांनी तोंड वाकडं न करता खाल्ली. मग मस्टर मांडीवर घेऊन एकेका नावावर बोट ठेवत निघाले.

"देशपांडेबाबू. इंगळे गुरुजी. वानखेडे." बोट खाली सरकलं. चौथ्या ओळीवर थांबलं.

वैभवनं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा गव्हाच्या पिठासारखा झाला. त्यानं आमच्याकडे पाहिलं. गुरुजी बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या. वानखेडे रस्त्याकडे असं पाहत होते, की आता कुठलीही गाडी आली तरी चालेल, तिच्यात चढायचं.

गुलाबरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. जानेवारी पाहिला. पान उलटलं. फेब्रुवारी पाहिला. एकेक चौकोन बोटानं दाबत, सावकाश, जसं दुकानात स्टॉक तपासतात तसं. मार्च पाहिला. मग पुन्हा फेब्रुवारीवर आले आणि एका चौकोनावर बोट रोवून त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं.

"बाबू, हे चुकलं तुमचं."

मी मस्टरवर वाकलो. "काय चुकलं?"

"हा मंगळवार. या दिवशी मी कंपनीच्या मीटिंगले अकोल्याले गेलो होतो." त्यांनी मस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःच्या खिशातलं पेन काढून दिलं. "इथं गैरहजर लावा. मले रजिस्टरमधी खोटं चालत नाही!"